पटानचेरूचा ओढा ते मांजरा: औषधांचं सांडपाणी माशांचं काय करतं?

सोलापूरहून हायवेने हैदराबादला निघालं की शहर लागायच्या थोडं आधी पटानचेरू येतं. तेलुगूत चेरू म्हणजे तलाव. या भागात गावागणिक असा एखादा तलाव आहे, आणि त्या तलावांच्या मधोमध पटानचेरू-बोल्लारमची औद्योगिक वसाहत. इथे गोळ्यांचा कच्चा माल, म्हणजे बल्क ड्रग, तयार होतो. गोळीत जे खरं औषध असतं ते इथल्या रिअॅक्टरमध्ये बनतं आणि पुढे जगभर जातं.

या भागातलं पाणी इसकावागू या ओढ्यातून नक्कावागूत आणि नक्कावागूतून मांजरा नदीत जातं. वागू म्हणजे ओढा, आणि नक्का म्हणजे कोल्हा. मांजरा आपल्या लोकांना परकी नाही. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. लातूर आणि बिदर करत ती तेलंगणात शिरते, मग वळून नांदेड जिल्ह्याच्या हद्दीवरून वाहते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. निजामाच्या काळात ही नदी उगमापासून संगमापर्यंत एकाच राज्यात होती, आज ती तीन राज्यांत विभागली आहे. त्यामुळे तिच्या पाण्यात काय आहे हे मोजायची जबाबदारीही तीन ठिकाणी वाटली गेली आहे.

बादलीत एक गोळी

स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातले जोआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटानचेरूच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी या केंद्रात येत होतं. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ चक्रावले. प्रक्रिया झालेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं.

३१ मिलिग्रॅम म्हणजे किती? मेडिकलमध्ये मिळणारी ५०० मिलिग्रॅमची एक गोळी १६ लिटरच्या बादलीत विरघळवली तर जे पाणी होईल, तेवढं. रुग्णाने औषध घेतल्यावर त्याच्या रक्तात जेवढं सिप्रो असतं, त्यापेक्षा हे प्रमाण जास्त भरलं. या केंद्रातून रोज अंदाजे ४५ किलो सिप्रो बाहेर पडत असावं, असा हिशेब त्या पथकाने मांडला. म्हणजे दिवसाला ९० हजार गोळ्या. तेव्हा ९० लाख लोकसंख्या असलेल्या स्वीडनला एवढं सिप्रो पाच दिवस पुरत होतं.

सिप्रो एकटं नव्हतं. एकूण ११ औषधं लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या वर मिळाली. त्यात रक्तदाबावरची लोसार्टन आणि मेटोप्रोलोल होती, सर्दी-अॅलर्जीची सेटिरिझिन होती, नैराश्यावरची सिटालोप्रॅमही होती. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात असतात तीच नावं. २००९ साली याच परिसरातल्या तलावांचं आणि गावविहिरींचं पाणी तपासलं गेलं. दोन तलावांत सिप्रो लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत होतं आणि विहिरींतही औषधांचे अंश निघाले. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मन संशोधकांनी हैदराबाद आणि आसपासच्या २८ ठिकाणांहून नमुने घेतले. एका नाल्यात फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध लिटरमागे २३७ मिलिग्रॅम निघालं. मेडिकलमध्ये मिळणारी १५० मिलिग्रॅमची कॅप्सूल जेमतेम ६३० मिलिलिटर पाण्यात टाकली तर एवढं होतं.

मासा काय गोळी घेतो का?

गोळी घेत नाही, पण पाणी त्याच्या कल्ल्यांतून अखंड वाहत असतं. माणूस औषध दिवसातून दोनदा घेतो आणि कोर्स संपला की थांबतो. दूषित ओढ्यातल्या माशाचा कोर्स अंड्यातून बाहेर पडल्यापासून सुरू होतो आणि तो संपतच नाही.

दुसरी अडचण अशी की माशाचं शरीर आपल्याला वाटतं तितकं आपल्यापेक्षा वेगळं नाही. औषध शरीरातल्या ठरावीक प्रथिनाला चिकटून काम करतं. माणसातली अशी जी प्रथिनं औषधांची लक्ष्यं आहेत, त्यांतल्या ८६ टक्क्यांना जुळणारी प्रथिनं झेब्राफिश या छोट्या माशात आहेत, असं एका तुलनेत दिसलं. पाण्यातल्या डॅफ्निया या सूक्ष्म किड्यात हे प्रमाण ६१ टक्के, तर हिरव्या शेवाळात ३५ टक्के. म्हणजे रक्तदाबाची, नैराश्याची किंवा संप्रेरकांची गोळी माशावरही काम करते. फक्त त्याला ती कुणी लिहून दिलेली नसते.

पटानचेरूच्या पाण्याची हीच परीक्षा झाली. ५०० भाग पाण्यात एक भाग सांडपाणी, म्हणजे ०.२ टक्के, एवढं पातळ करून त्यात बेडकाची पिल्लं वाढवली. त्यांची वाढ ४० टक्क्यांनी खुंटली. तपासलेलं सगळ्यात कमी प्रमाण हेच होतं. त्याखाली धोका कुठे संपतो, ते त्या प्रयोगातून कळत नाही. तितक्याच पातळ पाण्यात रेनबो ट्राउट मासे पाच दिवस ठेवले, तर त्यांच्या यकृतातली विष निपटणारी यंत्रणा जोरात सुरू झालेली दिसली. मासे मेले नव्हते. वरून बघणाऱ्याला ते ठणठणीतच वाटले असते.

नॅनोग्रॅममध्ये संपलेली पिढी

पटानचेरूचे आकडे टोकाचे आहेत, त्यामुळे कारखाना नाही तिथे काळजी नाही असं वाटू शकतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात झालेला प्रयोग या समजाला धक्का देतो.

तिथे संशोधनासाठीच राखून ठेवलेले तलाव आहेत. त्यांतल्या २६० क्रमांकाच्या तलावात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं, उन्हाळ्यात, गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिलइस्ट्राडिओल हे संप्रेरक मुद्दाम सोडलं गेलं. प्रमाण लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. २५ लाख लिटरच्या जलतरण तलावात हे औषध १२ ते १५ मिलिग्रॅम पडेल, चिमूटभरसुद्धा नाही. शहरांच्या सांडपाण्यात हे संप्रेरक जेवढं सापडतं त्याच पातळीतलं हे प्रमाण होतं.

फॅटहेड मिनो या बोटाएवढ्या माशाच्या नरांच्या शरीरात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं. खरं तर ते फक्त मादीत बनतं. नरांच्या वृषणांची वाढ अडली, काहींत अंडपेशी दिसल्या. पिल्लं येणं थांबलं आणि दोन-तीन वर्षांत त्या तलावातला मिनो जवळपास नाहीसा झाला. हा मासा थोडीच वर्षं जगतो, त्यामुळे एकदोन हंगाम वाया गेले की मागे कुणी उरत नाही. मग लेक ट्राउट या मोठ्या माशाची संख्या घटली. त्याला औषधाचा थेट त्रास फारसा झाला नव्हता, त्याचं खाणं संपलं होतं. संप्रेरक सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो परत आला. हा भाग दिलासा देणारा आहे. पण तो तलाव मोकळा होता, तिथे दुसरं काही येऊन पडत नव्हतं. आपल्याकडच्या ओढ्यांची अशी स्थिती क्वचितच असते.

माशाचं शरीर धडधाकट राहूनही नुकसान होतं. स्वीडनमध्ये ऑक्साझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधात ठेवलेले पर्च मासे धीट झाले, कळप सोडून एकटे फिरू लागले आणि भराभर खाऊ लागले. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. ऐकायला मजेशीर वाटतं, पण जो मासा भीत नाही तो मोठ्या माशाच्या किंवा बगळ्याच्या तोंडी लवकर जातो. २०२५ साली सामन माशांवरचा अभ्यास आला. क्लोबाझाम दिलेली सामनची पिल्लं जलविद्युत धरणं लवकर ओलांडून जास्त संख्येने समुद्रात पोचली. हे चांगलं झालं असं काहींना वाटलं. पण भीड चेपलेल्या माशाचं पुढे समुद्रात काय होतं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

डायक्लोफेनॅक तर आपल्या चांगल्या ओळखीचं. जनावरांना दिलेल्या याच वेदनाशामकाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठी ते आजही सर्रास चालतं. रेनबो ट्राउटला लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम डायक्लोफेनॅकमध्ये चार आठवडे ठेवलं तेव्हा मूत्रपिंडात आणि कल्ल्यांत बिघाड दिसला.

हे येतं कुठून, आणि थांबत का नाही

कारखाना हा एक रस्ता. दुसरा आपल्या मोरीतून आणि संडासातून जातो. मधुमेहाची मेटफॉर्मिन शरीरात जवळपास तशीच राहते आणि लघवीवाटे बाहेर पडते. सिप्रोचाही मोठा वाटा न बदलता उतरतो. शहरांची सांडपाणी केंद्रं मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात. काही औषधं तिथे गाळात अडकतात, काही जिवाणू खाऊन टाकतात, बाकीची सरळ नदीत जातात. आणि पुष्कळ गावांचं सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही. २०२२ साली १०४ देशांतल्या २५८ नद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत लाहोर, ला पाझ आणि आदिस अबाबा इथलं पाणी सगळ्यात वाईट निघालं. पुण्यात मुठेच्या गाळात शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकांनाही दाद न देणारी जनुकं सापडली आहेत. तिथलं मुख्य कारण प्रक्रिया न केलेलं शहरी सांडपाणी.

अँटिबायोटिकांचा प्रश्न माशांपुरता राहत नाही. सिप्रो लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की प्रतिकार करणाऱ्या जिवाणूंना फायदा मिळू शकतो, असा संशोधकांचा अंदाज आहे. पटानचेरूतला आकडा याच्या जवळपास पावणेपाच लाख पट होता. तिथल्या ओढ्याच्या गाळात अशा प्रतिकारक जनुकांची अक्षरशः खाण निघाली.

पटानचेरूच्या प्रदूषणावर १९९० सालीच सुप्रीम कोर्टात जनहित याचिका दाखल झाली होती, पुढे हे प्रकरण हरित लवादाकडे गेलं. मधल्या काळात केंद्राचं पाणी पाइपलाइनने हैदराबादच्या अंबरपेट सांडपाणी केंद्राकडे नेण्यात आलं. इसकावागूवरचा भार त्याने कमी झाला, पण अंबरपेट मुसी नदीच्या काठी आहे. एका नदीतून काढलेलं पाणी दुसऱ्या नदीकडे वळवलं, असंच त्याचं वर्णन करावं लागेल.

कायद्याचं घोडंही अडलेलंच आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये मसुदा काढून १२१ अँटिबायोटिकांसाठी सांडपाण्यातली मर्यादा सुचवली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा त्या मर्यादा तिच्यात नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, पण त्या पाळायचं बंधन कुणावर नाही.

तलावात मासे तरंगले तर

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये याच पट्ट्यातल्या गंडिगुडेम तलावात मोठ्या प्रमाणावर मासे मेले. अशा वेळी बातमीत लगेच ‘औषधांमुळे’ असं येतं. तसं असेलच असं नाही. एका रात्रीत मासे मरतात ते बहुधा प्राणवायू संपल्याने, किंवा अमोनिया, आम्ल, सॉल्व्हंट यांच्या माऱ्याने. औषधांचं काम हळू चालतं. पिल्लं कमी येतात, वाढ खुंटते, एखादी जात दिसेनाशी होते, आणि कोळ्यांच्या जाळ्यात वजन कमी भरतं. त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

मेलेल्या माशांवरून थोडं वाचता येतं. प्राणवायू संपल्याने मरतात तेव्हा ते पहाटे मरतात, आधी मोठे जातात, आणि मरण्यापूर्वी वर येऊन तोंड उघडतात. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून ते पुष्कळदा वाचतात. दुपारच्या उन्हात मासे मेले, लहान पिल्लं आधी गेली किंवा मरळही उलटी झाली, तर विषाचा संशय जास्त. नमुना त्याच दिवशी घ्यावा लागतो: नाला मिळतो त्याच्या वरचं पाणी, मिळतो तिथलं आणि खालचं, तिन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत. औषधांची तपासणी करायची असेल तर बाटली गडद काचेची हवी. मासा मेलेला नको, मरायला टेकलेला हवा, आणि तो बर्फात ठेवावा, गोठवू नये. वेळ, जात, आकार आणि फोटो यांची नोंद तिथेच करावी.

तक्रारीनंतर हाती येणारा नेहमीचा अहवाल सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी, सीओडी आणि क्षार यांचा असतो. सिप्रो किंवा डायक्लोफेनॅक त्या यादीत नसतं. ते शोधायला मास स्पेक्ट्रोमीटर असलेली प्रयोगशाळा लागते, आणि कोणतं औषध शोधायचं हे आधी सांगावं लागतं. म्हणून अर्जात वरच्या बाजूला कोणते कारखाने आहेत आणि ते काय बनवतात, हे लिहून औषधांच्या तपासणीची वेगळी मागणी करावी लागते. अहवालात सगळे आकडे मर्यादेत आले, याचा अर्थ एवढाच की ज्या गोष्टी मोजल्या त्या मर्यादेत आहेत.