एका श्वासावरची बुडी : खडकाळ किनाऱ्यावर जागा कशी निवडावी

मालवण : पाठीवर हवेची टाकी न घेता, केवळ एका श्वासावर समुद्रात बुडी मारण्याच्या प्रकाराला फ्रीडायव्हिंग म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली आणि देवबाग ही नावे पर्यटकांना प्रामुख्याने स्कूबा डायव्हिंगमुळे परिचित आहेत. स्कूबासाठी नौका, मार्गदर्शक आणि ठरलेली जागा असते. एका श्वासावरची बुडी मात्र थेट किनाऱ्यावरच्या खडकावरूनही मारता येते. त्यामुळे जागेची पारख ही बुडी मारणाऱ्याचीच जबाबदारी ठरते. पाणी किती नितळ आहे, हा या पारखीतील दुसरा प्रश्न आहे. तेथून सुखरूप बाहेर येता येईल का, हा पहिला.

बाहेर येण्याची वाट

खडकावरून पाण्यात उतरणे सोपे आणि परत चढणे अवघड असते. शेवाळामुळे पाय घसरतो, कालवांच्या धारदार कवचांनी त्वचा कापली जाते आणि दमलेल्या माणसाला लाट खडकावर आपटू शकते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वीच बाहेर येण्याच्या दोन जागा निश्चित कराव्यात. एक जवळची आणि दुसरी, ती बंद पडल्यास उपयोगी पडेल अशी, शक्यतो आडोशाच्या पुळणीची.

मोठ्या लाटा सतत येत नाहीत. काही मिनिटांच्या अंतराने त्यांचा एक फेरा येतो. त्यामुळे किनाऱ्यावर किमान वीस मिनिटे थांबून पाणी पाहावे. खडकाचा ओला भाग कोठवर आहे, यावरून लाट किती उंच चढते याचा अंदाज येतो. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा यांवर मात्र विसंबता येत नाही. दक्षिणेकडील दूरच्या महासागरात उठलेल्या लांब लाटा काही दिवसांनी भारताच्या किनाऱ्यावर पोहोचतात, तेव्हा स्थानिक हवामान शांतही असू शकते. ६ मे २०२४ रोजी तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्यावर गेलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी अशाच उसळत्या समुद्रात बुडाले. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. ते पाहिल्याशिवाय खडकाळ किनाऱ्यावर जाऊ नये.

तिथी आणि वारा

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. अष्टमीच्या आगेमागे येते ती भांगाची भरती. भांगाच्या दिवसांत पाण्याची चढ-उतार कमी असल्याने प्रवाहाची ओढही कमी राहते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा आहे. त्यानुसार अष्टमीला सहा आणि दशमीला साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण होते. बंदरागणिक ही वेळ मागेपुढे होत असल्याने भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ती ताडून पाहणे आवश्यक आहे.

या ठोकताळ्याला वाऱ्याच्या दिनक्रमाची जोड द्यावी. पहाटे जमिनीकडून वाहणारे मतलई वारे बहुधा मंद असतात, तर दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे पाणी खवळवतात. भांगाच्या दिवसांतील सकाळ, भरती संपत आल्याची वेळ आणि मंद वारा या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर खडकालगतचे पाणी सर्वाधिक शांत मिळण्याची शक्यता असते.

खोलीची मर्यादा

समुद्रात दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि फुप्फुसांतील हवेचे आकारमान निम्म्यावर येते. वर येताना दाब झपाट्याने घटतो. त्याबरोबर फुप्फुसांतील प्राणवायूचा दाबही घसरून शुद्ध हरपू शकते. हा धोका शेवटच्या काही मीटरांत आणि पृष्ठभागावर पोहोचल्यानंतर सर्वाधिक असतो. बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेतल्यास शरीरातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि पूर्वसूचनेविना बेशुद्धी येऊ शकते.

यावरून जागा निवडण्याचे दोन नियम निघतात. तळाची खोली जोडीतील कमी क्षमतेच्या व्यक्तीला सहज गाठता येईल एवढीच असावी. वर थांबलेल्या सोबत्याला खालचा माणूस दिसला पाहिजे. पाण्यातील दृश्यता खोलीहून कमी असेल, तर ती जागा त्या दिवशी वर्ज्य समजावी. दोघांनी एकाच वेळी बुडी मारू नये. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील ‘हेन्यो’ स्त्रिया आयुष्यभर एका श्वासावर समुद्रातून शंख-शिंपले काढतात, तरीही त्या गटानेच पाण्यात उतरतात. त्यांच्या परंपरेला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

टाळावयाच्या जागा

खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी गाळासह वेगाने बाहेर पडते. देवबाग येथे कर्ली नदी समुद्राला मिळते, अशा ठिकाणी पाण्याची ओढ पोहणाऱ्याला आवरत नाही. मालवण धक्का ते सिंधुदुर्ग किल्ला या मार्गावर प्रवासी होड्यांची ये-जा असते, तेथे बुडी मारू नये. इतरत्रही ठळक रंगाचा तरंगता बोया सोबत बाळगावा. खडकांत अडकलेली नायलॉनची जाळी पाण्याखाली चटकन दिसत नाहीत. म्हणून जाळी कोठे लावली आहेत, हे स्थानिक मच्छीमारांना विचारूनच जागा ठरवावी.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. २९.१२ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर येतो. तेथे उतरण्यापूर्वी वन विभागाकडून नियम समजून घ्यावेत. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून ते तोडणे हा गुन्हा आहे.

पावसाळ्यात समुद्रात उतरू नये. मे महिन्याच्या उत्तरार्धातही पाणी बदलू लागते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला होता.

निवडलेल्या जागी मोबाइलला संपर्क मिळतो का, हेही आधी तपासावे. समुद्रातील बचावासाठी भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, तर सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. सोबती, बाहेर येण्याची वाट किंवा दृश्यता यांपैकी एकाचीही खात्री नसेल, तर त्या दिवशी किनाऱ्यावरून परतणे श्रेयस्कर.