राजा गेल्यावरच्या मूर्ती

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथे सापडलेला ताम्रपट अथर्ववेदी ब्राह्मणांना गाव दान दिल्याचे सांगतो. परंतु याच शाखेतील हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याचे काम भरास आले. सोळावे लेणे त्याचा सचिव वराहदेव याने कोरविले.

हरिषेणानंतर राज्य कोसळले. दरबारी पैसा आटला, लेणी अर्धवट राहिली. वॉल्टर स्पिंक यांच्या मते त्यानंतर काही वर्षे भिक्षू आणि उपासक जागा मिळेल तेथे लहान लहान बुद्धमूर्ती कोरवीत राहिले. मूळ आराखडा मोडला, श्रद्धा मोडली नाही. अजिंठ्याच्या काही दानलेखांत तर पुण्य मागितले आहे ते सर्व प्राणिमात्रांसाठी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. ६ डिसेंबरला ते गेले. मध्ये अवघे ५३ दिवस. आमच्या आईबापांजवळ ना अक्षर होते, ना सत्ता. तरी त्यांनी त्रिशरण सोडले नाही. म्हणून वर्गात ताम्रपट शिकविताना मी त्या लहान मूर्तींबद्दलही सांगतो. आज सगळे ढासळते आहे असे म्हणणाऱ्या तरुणांनी विचारावे : आपल्या वाट्याची मूर्ती आपण कोरली काय?