सैनिकाचा हक्क, चर्चचे कॉलेज आणि अपुरी दारे

१/ सन १८६६. अमेरिकेचे यादवी युद्ध संपले होते. टेक्सासच्या एका छावणीत बासष्टाव्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीचे सैनिक घरी जाण्याच्या आदेशाची वाट पाहत होते. त्यांतले बहुतेक मिझुरी राज्यातले होते आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. घरी परतण्यापूर्वी त्यांनी आपसांत वर्गणी काढली. ती कशासाठी होती? एका शाळेसाठी.

२/ महिना १३ डॉलर पगार असलेल्या या माणसांनी सुमारे ५,००० डॉलर जमवले. पासष्टाव्या पलटणीने सुमारे १,४०० डॉलरची भर घातली. मिझुरीत १८४७ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. त्याच राज्याच्या राजधानीत, जेफरसन सिटीत, सप्टेंबर १८६६ मध्ये ‘लिंकन इन्स्टिट्यूट’ उघडली. आज ती लिंकन विद्यापीठ आहे.

३/ सैनिक आणि पदवी यांचे नाते सांगताना सहसा १९४४ च्या कायद्यापासून सुरुवात होते. माझ्या मते ती इथून व्हायला हवी. सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नी पदवीपर्यंत कशा पोहोचल्या, त्या वाटेत ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या महाविद्यालयांचे स्थान काय होते, आणि हक्क मिळूनही अनेकांना जागा का मिळाली नाही, हे या धाग्यात पाहू.

४/ युद्धानंतर दक्षिणेत नव्याने मुक्त झालेल्यांसाठी सरकारी उच्च शिक्षण जवळपास नव्हतेच. ती पोकळी मुख्यतः चर्च आणि मिशनरी संस्थांनी भरली. १८४६ मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ यांत अग्रणी होती. नॅशव्हिलमधील फिस्कचे वर्ग जानेवारी १८६६ मध्ये सुरू झाले ते उत्तरेच्या सैन्याच्या रिकाम्या बराकींमध्ये. सैन्य गेले आणि त्याच छपराखाली शाळा आली.

५/ प्रत्यक्ष सैन्यातही धर्म आणि शिक्षण यांची सांगड कायद्याने घातली गेली. १८६६ च्या लष्करी पुनर्रचनेच्या कायद्यात प्रत्येक कृष्णवर्णीय पलटणीला एक धर्मगुरू द्यावा आणि त्याने सैनिकांना प्राथमिक विषय शिकवावेत, अशी तरतूद होती. रविवारी उपदेश करणारा माणूस इतर दिवशी फळ्यासमोर उभा राहू लागला.

६/ या धर्मगुरूंपैकी ॲलन ॲलन्सवर्थ यांचे चरित्र विलक्षण आहे. जन्म १८४२, लुइव्हिल येथे, गुलामीत. लपूनछपून अक्षरे शिकू पाहिल्याबद्दल त्यांना लहानपणीच दूर विकण्यात आले. पुढे ते निसटले, युद्धात नौदलात गेले, बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाले आणि नॅशव्हिलच्या बाप्टिस्ट संस्थेत शिकले.

७/ १८८६ मध्ये ॲलन्सवर्थ चोविसाव्या पायदळाचे धर्मगुरू झाले. न्यू मेक्सिकोतील छावणीतल्या शाळेसाठी त्यांनी १८८९ मध्ये अभ्यासक्रमाची रीतसर पुस्तिका तयार केली. १९०६ मध्ये ते लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावर निवृत्त झाले. ज्या अक्षरांपायी ते विकले गेले, त्याच अक्षरांचा अभ्यासक्रम त्यांनी सैन्यासाठी लिहिला.

८/ इथे मराठी वाचकाला एक दुवा आठवेल. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. आपल्याकडेही ज्यांना पाठशाळेचे दार बंद होते, त्यांच्यातल्या काहींना ते मिशनच्या शाळेत किंवा लष्करी छावणीत उघडे मिळाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतच शिक्षक होते.

९/ आता १९४४ कडे वळू. २२ जून रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी माजी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. लोक त्याला ‘जी. आय. बिल’ म्हणू लागले. शिक्षणशुल्कासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, शिवाय निर्वाहासाठी अविवाहितास महिना ५० आणि कुटुंब असलेल्यास ७५ डॉलर. १९४७ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतील जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. कायद्याचा लाभ घेऊन सुमारे २२ लाख लोक महाविद्यालयात गेले.

१०/ कायद्याच्या मजकुरात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण अंमलबजावणी स्थानिक यंत्रणेच्या हाती राहील, याची काळजी प्रतिनिधिगृहातील संबंधित समितीचे अध्यक्ष, मिसिसिपीचे जॉन रँकिन यांनी घेतली होती. दक्षिणेतील गोऱ्यांची विद्यापीठे कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नव्हती. मजकूर समान राहिला आणि दार उघडायचे की नाही हे दाराशी बसलेल्यावर सोपवले गेले.

११/ दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. त्यांतल्या दक्षिणेकडच्या माजी सैनिकाला पदवी हवी असेल तर कृष्णवर्णीयांच्या सुमारे शंभर संस्थांपैकी एखादी गाठायची, हाच मुख्य मार्ग होता. त्यांपैकी खासगी संस्था बहुतांशी एखाद्या ख्रिस्ती पंथाने उभारलेल्या: कुठे बाप्टिस्ट, कुठे मेथडिस्ट, कुठे एपिस्कोपल, कुठे कॅथलिक.

१२/ या संस्था गरीब होत्या. टस्कीगीचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकाराने २७ खासगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन एप्रिल १९४४ मध्ये ‘युनायटेड निग्रो कॉलेज फंड’ स्थापन केला, म्हणजे जी. आय. बिलाच्या जेमतेम दोन महिने आधी. सैनिकाच्या हाती सरकारचे पैसे आले तेव्हा त्याला सामावून घेणारे कॉलेज स्वतःच मदतीसाठी हात पसरून उभे होते. वसतिगृहे अपुरी, प्रयोगशाळा तोकड्या, शिक्षक मोजके. हजारो पात्र अर्जदारांना जागेअभावी परत जावे लागले.

१३/ ज्यांना जागा मिळाली त्यांनी काय केले? ॲरन हेन्री, मिसिसिपीचे. सैन्यातून १९४६ मध्ये परतले आणि जी. आय. बिलाच्या आधारे न्यू ऑर्लीन्सच्या झेवियर विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकले. हे कृष्णवर्णीयांसाठीचे कॅथलिक विद्यापीठ. फिलाडेल्फियाच्या धनाढ्य घराण्यातील संन्यासिनी कॅथरीन ड्रेक्सेल यांनी १९१५ मध्ये त्याची पायाभरणी केली. १९५० मध्ये पदवी घेऊन हेन्री यांनी क्लार्क्सडेलला औषधांचे दुकान काढले.

१४/ औषधांचे दुकान ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण मिसिसिपीत मतदार नोंदणीची मागणी करणाऱ्या शिक्षकाची नोकरी जात असे आणि कुळाला जमीन सोडावी लागे. स्वतःचे दुकान असलेल्याला कोणी मालक कामावरून काढू शकत नव्हता. हेन्री पुढे राज्यातील नागरी हक्क चळवळीचे प्रमुख नेते झाले. पदवीने त्यांना पोट दिले, तसाच ताठ कणाही दिला.

१५/ दुसरे होझिया विल्यम्स. युरोपात गंभीर जखमी झाले आणि वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात राहिले. मायदेशी परतल्यावर गोऱ्यांसाठी राखीव पाणी प्यायल्याबद्दल जॉर्जियातल्या एका बसस्थानकावर त्यांना बेदम मारहाण झाली. शालेय शिक्षण वयाच्या तेविसाव्या वर्षी पूर्ण करून त्यांनी अटलांटाच्या मॉरिस ब्राउन कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेतली. हे कॉलेज १८८१ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने, म्हणजे कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या बळावर, स्थापन केले होते. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावरील मोर्चाच्या अग्रभागी जॉन लुईस यांच्या शेजारी विल्यम्सच होते.

१६/ स्त्री सैनिकांचे काय? १९४५ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांची ६८८८ वी टपाल पलटण काम करत होती. आघाडीवरच्या सैनिकांची साचलेली लक्षावधी पत्रे त्यांनी सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांत मार्गी लावली. त्यांचे नेतृत्व करणाऱ्या मेजर चॅरिटी ॲडम्स मेथडिस्ट परंपरेतील विल्बरफोर्स विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. याच पलटणीतील मिली डन व्हीझी यांनी युद्धानंतर रॅलीच्या सेंट ऑगस्टिन्स कॉलेजात, म्हणजे एपिस्कोपल चर्चच्या संस्थेत, जी. आय. बिलावर पदवी मिळवली. पुढे त्यांनी रॅलीतील नागरी हक्क चळवळीचे नेतृत्व केले.

१७/ आणि सैनिकांच्या पत्नी? चाळीसच्या दशकात त्यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद नव्हती. पती शिकत असताना नोकरी करून घर चालवणाऱ्या पत्नींना अनेक कॉलेजे पदवीदानाच्या वेळी गमतीचे प्रमाणपत्र देत: ‘पतीला पार पाडले’ अशा अर्थाचे. पदवी त्याची, कौतुकाचा कागद तिचा! १९५६ मध्ये युद्धात पालक गमावलेल्या मुलांना शैक्षणिक मदत मिळाली. सैनिकांच्या विधवांना ती मिळायला १९६८ उजाडले. सेवेत असलेल्या सैनिकाला आपला हक्क पत्नी, पती किंवा मुलांच्या नावे करण्याची व्यापक सोय २००८ च्या कायद्याने झाली; ती १ ऑगस्ट २००९ पासून लागू आहे.

१८/ मर्ली एव्हर्स यांची कथा या अंतरावर प्रकाश टाकते. पती मेडगर एव्हर्स महायुद्धातील माजी सैनिक. मिसिसिपीच्या अल्कॉर्न कॉलेजात शिकून १९५२ मध्ये पदवीधर झाले. मर्लीही तिथेच शिकत होत्या, पण त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले. १२ जून १९६३ रोजी मेडगर यांची घराच्या दारात हत्या झाली. तीन मुलांना घेऊन मर्ली कॅलिफोर्नियात गेल्या आणि १९६८ मध्ये, काँग्रिगेशनल पंथीयांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या पोमोना कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. पतीच्या पदवीनंतर सोळा वर्षांनी.

१९/ एक प्रश्न उरतो. धर्म आणि राज्य विभक्त ठेवणाऱ्या देशात सरकारचा पैसा चर्चच्या कॉलेजात कसा गेला? १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एव्हर्सन खटल्यात या दोहोंतील भिंतीचे तत्त्व ठामपणे मांडले. त्याच वर्षी सरकारी पैशावर माजी सैनिक धर्मगुरू होण्याचे शिक्षणही घेत होते! समर्थन असे की कॉलेज निवडतो तो सैनिक, सरकार नव्हे. १९५२ च्या कोरिया युद्धाच्या कायद्यात तर रक्कम थेट विद्यार्थ्याच्याच हाती देण्यात आली. १९८६ च्या विटर्स खटल्यात, एका अंध विद्यार्थ्याच्या निमित्ताने, न्यायालयाने हाच व्यक्तिगत निवडीचा युक्तिवाद मान्य केला.

२०/ तत्त्व म्हणून ते पटते. मात्र १९४६ च्या मिसिसिपीतील कृष्णवर्णीय माजी सैनिकाच्या बाबतीत ‘निवड’ हा शब्द वापरताना संकोच वाटतो. त्याने चर्चचे कॉलेज निवडले की बाकीची दारे बंद होती म्हणून तो तिथे गेला? बहुधा दोन्ही खरे. त्या कॉलेजांत श्रद्धा होती, शिस्त होती, क्वचित वडीलधारी दडपशाहीही होती. पण आत या, बसा, असे म्हणणारे फार थोडे होते आणि त्यांत ही कॉलेजे होती, एवढे नोंदवलेच पाहिजे.

२१/ हा विषय वाचताना मला आपल्याकडचे वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीतले विद्यार्थी आठवत राहिले. शिष्यवृत्ती मंजूर, प्रवेश निश्चित, आणि राहायला खोली नाही म्हणून गावी परतलेले. कायदा हक्क देतो. खोली, बाक, शिक्षक आणि प्रयोगशाळा कोणीतरी आधीच उभारून ठेवलेल्या असाव्या लागतात. बासष्टाव्या पलटणीच्या सैनिकांना हे कायद्याच्या ७८ वर्षे आधी कळले होते. म्हणून त्यांनी १३ डॉलरच्या पगारातून आधी शाळा बांधायला घेतली.

धागा समाप्त. मतभेद आणि दुरुस्त्या यांचे स्वागत आहे.