सावलीचा माग: साइड स्कॅन सोनारची कुळकथा

इंद्रायणी पुण्याजवळच्या मोशीच्या अंगाने आळंदीकडे जाते, तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमेबरोबर पुढे उजनीच्या जलाशयात शिरते. या सगळ्या वाटेवर बुडालेल्याचा शोध पिढ्यानपिढ्या एकाच रीतीने होत आला आहे. दोराला लोखंडी गळ बांधून तळ ओढायचा, पट्टीच्या पोहणाऱ्याने दम धरून खाली चाचपडायचे आणि हाती काही लागले नाही तर काठावर वाट पाहायची. गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही. मोशीच्या जुन्या दगडखाणींत साचलेल्या पाण्याची गतही तशीच. काठ सरळ तुटलेला, तळाशी कपारी आणि आत काळोख.

२१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा जण बुडाले. बोट शोधायला एनडीआरएफचे जवान पाण्यात उतरले, आणि बोट सापडल्यावरही माणसे हाती यायला वेळ लागला. अशा पाण्यात प्रकाश निकामी होतो, ध्वनी मात्र काम करतो. ध्वनीने तळाचे चित्र काढणारे एक यंत्र आज छोट्या होडीला लावता येईल इतके लहान आणि स्वस्त झाले आहे: साइड स्कॅन सोनार. ते इथवर कसे पोहोचले, हे बचावकार्य करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला वाटते.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे एक स्फटिक. १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवले की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यावर विद्युतभार निर्माण होतो. याची उलट बाजूही लवकरच सिद्ध झाली: विजेचा दाब दिला की स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. म्हणजे एकच तुकडा पाण्यात आवाज काढू शकतो आणि परत आलेला आवाज ऐकूही शकतो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि पाण्यातले अडथळे ध्वनीने ओळखण्याच्या खटपटीला वेग आला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवायला सुरुवात केल्यावर फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ आणि कॉन्स्टँटिन शिलोव्स्की यांनी प्रतिध्वनीने पाणबुडी हुडकण्याचे काम हाती घेतले. लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ वापरून ते तडीस नेले. दोन महायुद्धांच्या काळात सोनार शत्रूच्या पाणबुडीचा वेध घेई, त्याचा भाऊबंद असलेला प्रतिध्वनी-खोलीमापक जहाजाखालचे पाणी मोजी. तळावर निपचित पडलेली वस्तू या दोघांच्याही नजरेतून सहसा सुटत असे.

ती नजर मिळाली सुरुंगांच्या भीतीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्युलियस हागेमान हे जर्मन शास्त्रज्ञ अमेरिकेत फ्लॉरिडातील पनामा सिटी येथील नौदलाच्या सुरुंगविरोधी प्रयोगशाळेत कामाला लागले. समुद्रतळावर पेरलेला सुरुंग दगडधोंड्यांतून वेगळा ओळखायचा, हा तिथला प्रश्न होता. त्यातून तळाचे चित्र कागदावर रेखाटणारी सोनार यंत्रणा उभी राहिली. हागेमान यांच्या पद्धतीच्या पेटंटचा अर्ज १९५८ चा आहे आणि पेटंट मिळाल्याचे वर्ष १९८०. या बावीस वर्षांत ती युक्ती लष्करी गुपित होती. त्यामुळे नागरी जगाला आपली वाट वेगळी शोधावी लागली.

युक्ती अशी. यंत्राच्या दोन्ही कुशींना एकेक ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज काढणारा आणि ऐकणारा घटक, असतो. तो आडवा, पंख्यासारखा पसरलेला ध्वनीचा पट्टा बाहेर टाकतो. प्रवासाच्या दिशेने हा पट्टा अगदी अरुंद असतो, वरून खाली मात्र रुंद. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, म्हणून जवळच्या तळाचा प्रतिध्वनी आधी येतो, लांबचा नंतर. एका स्पंदनातून चित्राची एक ओळ तयार होते. होडी पुढे सरकते, ओळीला ओळ जोडली जाते आणि तळाचा पट उलगडत जातो. दगड, लोखंड, रेती उजळ दिसतात, मऊ गाळ मंद दिसतो. उभ्या वस्तूच्या पलीकडे ध्वनी पोहोचत नाही, तिथे काळी सावली पडते.

सगळी मेख त्या सावलीत आहे. वस्तूचा उजळ ठिपका फसवा असतो. एखादा मोठा धोंडाही तसाच चमकतो. सावली मात्र आकार सांगते, आणि उंचीही. समजा ट्रान्सड्यूसर तळापासून ५ मीटर वर आहे, सावलीचे टोक त्याच्यापासून २५ मीटरवर आहे आणि सावली १० मीटर लांब आहे. समरूप त्रिकोणांच्या नियमाने वस्तूची उंची निघते २ मीटर. शाळेतली ही भूमिती तळावरची मोटार आणि दगड यांतला फरक दाखवते. सरावलेला माणूस चित्रात आधी सावलीकडे पाहतो ते म्हणूनच.

नागरी शाखा बहरली ती अमेरिकेत एमआयटीमध्ये. विजेच्या क्षणिक लखलखाटात बंदुकीच्या गोळीचे छायाचित्र टिपणारे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन समुद्राकडे वळले होते. १९६३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मॅसॅच्युसेट्सच्या बझर्ड्स उपसागरात बुडालेली ‘व्हिनयार्ड’ ही दीपनौका बाजूला रोखलेल्या सोनारने शोधली. एजर्टन यांच्याच कंपनीत मार्टिन क्लाइन या तरुण अभियंत्याच्या चमूने १९६३ ते १९६७ या काळात दोन्ही बाजू एकदम पाहणारे, जहाजामागे दोराने ओढायचे पहिले यशस्वी व्यावसायिक यंत्र घडवले. जहाजामागे खोल पाण्यात ओढल्याने ते लाटांच्या हेलकाव्यांतून सुटले आणि तळाच्या जवळही गेले. १९६७ मध्ये याच यंत्राने इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या ‘मेरी रोज’चा माग काढायला अलेक्झांडर मॅकी यांना मदत केली. १५४५ मध्ये बुडालेले ते जहाज १९८२ मध्ये पाण्याबाहेर आले. क्लाइन यांनी १९६८ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि साइड स्कॅन हे सागरी सर्वेक्षणाचे नेहमीचे साधन बनले.

आपल्या किनाऱ्यावर या यंत्राची गरज मे २०२१ मध्ये जळजळीतपणे कळली. तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. ‘वरप्रदा’ ही टगबोटही गेली. खवळलेल्या समुद्रातून नौदलाने पी-३०५ वरच्या १८६ जणांना जिवंत काढले, आणि मग साइड स्कॅन सोनार असलेली सर्वेक्षण नौका आयएनएस मकर दोन्ही सांगाडे शोधायला धाडली.

पण हे यंत्र सगळीकडे चालत नाही, हेही आपल्याच किनाऱ्यावर दिसते. गोव्याच्या सुंची खडकावर पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेष आहेत. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी असे सगळे खडकांच्या बेचक्यांत विखुरलेले. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी ते पाण्यात उतरून, डोळ्यांनी पाहून नोंदले. जिथे तळच खडबडीत, तिथे प्रत्येक खडकाची सावली पडते आणि त्या गर्दीत जहाजाची सावली हरवते.

यंत्र स्वस्त झाले ते मासे पकडण्याच्या छंदापायी. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. पडद्यावर दिसलेल्या जागी पुन्हा नेमके जाणे साध्या होडीवाल्यालाही शक्य झाले. संगणकाच्या चिपा आणि रंगीत पडदे स्वस्त झाले. २००५ मध्ये हमिनबर्ड कंपनीने गळाने मासे पकडणाऱ्या हौशींसाठी बाजूचे चित्र दाखवणारे मासेशोधक यंत्र बाजारात आणले. पुढे लोरान्स आणि गार्मिन यांनीही तशी यंत्रे काढली. तळावरचे ओंडके आणि खडक दिसले की मासे कुठे दबा धरतात ते कळते, एवढाच त्या गिऱ्हाइकाचा हिशेब. व्यावसायिक संचाला याच्या कितीतरी पट डॉलर लागत असताना ही यंत्रे एक-दोन हजार डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळू लागली.

हौशींनी आणि संशोधकांनी ती वेगळ्या कामाला जुंपली. अमेरिकेतील जॉर्जियात ॲडम केझर आणि थॉमस लिट्स यांनी मासेशोधकाच्याच चित्रांतून नद्यांच्या तळाचे नकाशे केले. पायहम, पिंगमॅपर यांसारख्या मोफत प्रणालींनी या यंत्रांच्या नोंदी उलगडून नकाशावर बसवणे सोपे केले. बुडालेल्यांच्या शोधात साइड स्कॅन काय करू शकते, हे आयडाहोतील जीन आणि सँडी राल्स्टन या दांपत्याने दाखवून दिले. आपली बोट घेऊन ते तळ्यातळ्यांवर गेले, शंभराहून अधिक मृतदेह त्यांनी शोधून दिले, आणि त्याबद्दल कुटुंबांकडून मोबदला मागितला नाही.

मासेशोधक बहुधा ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालतो. पाण्यात या लहरींची लांबी अनुक्रमे सुमारे ३.३ आणि १.९ मिलिमीटर. लहर जितकी आखूड तितका तपशील बारीक, पण पल्ला कमी. त्यामुळे दोन्ही बाजूंना वीस-तीस मीटरांचाच पट्टा कामाचा ठरतो. ट्रान्सड्यूसर होडीलाच बांधलेला असल्याने फार खोल पाण्यात चित्र पुसट होते. खाणी, बंधारे आणि आपल्या बहुतेक धरणांचे पाणी मात्र त्याच्या आवाक्यात येते. होडी चालवायची ती शेतात औताचे तास घालावे तशी: सरळ, समांतर, चालत्या माणसाच्या वेगाने, शेजारच्या दोन पट्ट्या थोड्या एकमेकींवर येतील अशी. वळणावर चित्र वेडेवाकडे होते, म्हणून वळणावरचे सोडून द्यायचे. संशयाची सावली दिसली की दुसऱ्या दिशेने पुन्हा जाऊन पाहायचे आणि मगच पाणबुड्याला खाली पाठवायचे.

पुराच्या पाण्यात याचा उपयोग नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्याच्यासोबत दोन एसटी बसही गेल्या. क्रेनला बांधलेले लोहचुंबक पाण्यात सोडून शोध घेतला गेला. एका बसचा सांगाडा नौदलाच्या पाणबुड्यांना ११ ऑगस्टला सापडला. अशा लोंढ्यात होडी सरळ चालत नाही, आणि खळाळत्या पाण्यातले हवेचे बुडबुडे ध्वनी अडवतात. इंद्रायणी आणि पवना या नद्यांवरची जलपर्णी होडीलाच वाट देत नाही. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघे गेले, तेव्हा धावून आलेल्या बचाव पथकांच्या अंगातले पाणी आणि दोर हेच कामी आले. पाणी संथ झाल्यावर, आणि संथच असलेल्या खाणी-धरणांत, सोनारची पाळी येते. स्थिर पाण्यात बुडालेला माणूस सहसा शेवटचा दिसला त्या जागेच्या आसपासच तळाशी असतो, त्यामुळे शोधाचा टापू लहान राहतो.

एनडीआरएफची पाचवी बटालियन सुदुंबऱ्यात, म्हणजे मोशीपासून जवळच आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, तळेगावची वन्यजीव रक्षक मावळ संस्था, महापालिकेचे अग्निशमन दल यांची माणसे वर्षभर पाण्यात उतरतात. कपारीत अडकण्याचा धोका पत्करून ती जिथे चाचपडतात, तिथे आधी यंत्राने पाहता आले तर त्यांचा जीव कमी वेळा पणाला लागेल. होडीच्या कडेला ट्रान्सड्यूसर धरणारा दांडा भोसरी-चाकणमधला कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देईल. कठीण आहे ते सावली वाचायला शिकणे, आणि ते दुर्घटनेच्या दिवशी शिकता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात, पाणी संथ असताना, मोशीच्या खाणी आणि आसपासचे डोह एकदा पुरते पालथे घालावेत. तळाचा नकाशा आधीच तयार असेल, तर नंतर पडलेली प्रत्येक नवी वस्तू उठून दिसेल. उजनीसारख्या जलाशयात तर हे अधिकच गरजेचे, कारण तिथे बुडीत गावांच्या भिंती आणि देवळेही सावल्या टाकतात.

मृतदेह मिळाला नाही तर घरचे अंत्यसंस्कार करू शकत नाहीत. मृत्यूचा दाखला अडतो, विमा आणि निवृत्तिवेतन अडते, आणि बेपत्ता माणूस मेला असे कायदा सहसा सात वर्षांनी गृहीत धरतो. सुरुंग शोधण्यासाठी जन्मलेले, माशांपायी स्वस्त झालेले हे यंत्र त्या सात वर्षांचे काही तास करू शकते. नदीकाठच्या प्रत्येक तालुक्याच्या बचाव साहित्यात दोर, जॅकेट आणि गळाच्या जोडीला आता एक सोनार आणि तो वाचणारी दोन माणसे असायला हवीत.