छडी, रुपया आणि चांदणी

1 जानेवारी 1992 रोजी नवी मुंबई महापालिका अस्तित्वात आली. घणसोली, कोपरखैरणे अशा जुन्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा पुढे तिच्याकडे आल्या. छडी, अंगठे धरणे, बाकावर उभे करणे ही शिस्त तेव्हा सगळीकडेच होती.

त्याच वर्षी राज्याने वेगळी वाट धरली. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीमागे रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलगी घरी राहू नये, हा हेतू. हेतू मोलाचा, रक्कम मात्र तुटपुंजी. कित्येक वर्षे तो रुपया रुपयाच राहिला.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि कलम 17 ने छडीला मनाई केली.

आता वर्गात भिंतीवर तक्ता दिसतो. नखे कापलेली असली की एक चांदणी, गृहपाठ पूर्ण असला की दुसरी, शनिवारी गटांची बेरीज. मुले हरखतात. पण बडबड्या मुलाची चांदणी सगळ्यांदेखत पुसली की त्याचा चेहरा पडतो. कलम 17 मानसिक छळालाही मनाई करते. शिक्षकांनी चांदण्या जरूर द्याव्यात. दिलेल्या काढून घेऊ नयेत.