पुणे दरबारचा स्कॉटिश चित्रकार : जेम्स वेल्स आणि त्याच्यासमोर बसलेली माणसे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्रण, म्हणजे एखाद्या माणसाला समोर बसवून त्याची हुबेहूब तसबीर रंगवणे, हा प्रतिष्ठेचा आणि चांगली कमाई करून देणारा व्यवसाय झाला होता. १७६८ मध्ये लंडनला रॉयल अकादमी स्थापन झाली, जोशुआ रेनॉल्ड्स तिचा पहिला अध्यक्ष झाला आणि उमराव, सेनापती, व्यापारी व नट्या यांची रीघ त्याच्या चित्रशाळेकडे लागली. गेन्सबरो आणि रॉम्नी हे त्याचे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी होते. या तिघांनी व त्यांच्या मोजक्या बरोबरीच्यांनी लंडन आणि बाथ येथील मोठी गिऱ्हाइके वाटून घेतल्यामुळे दुसऱ्या फळीतील चित्रकारांना फारसा वाव उरला नव्हता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी हिंदुस्थानात मिळवलेल्या संपत्तीच्या वार्ता त्यांच्या कानांवर येत होत्या. १७६९ मध्ये टिली केटल मद्रासला उतरला, पुढे फैजाबादला जाऊन त्याने नबाब शुजाउद्दौल्याची चित्रे काढली आणि त्याच वाटेने झोफनी लखनौस व रॉबर्ट होम मद्रासेस आला. मराठी मुलखाच्या वाट्याला या परंपरेतून जो चित्रकार आला तो जन्माने इंग्लिश नसून स्कॉटिश होता आणि त्याचे नाव जेम्स वेल्स.

वेल्सचा जन्म १७४७ मध्ये स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड या बंदरगावी झाला. ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले, परंतु चित्रकला तो बहुतांशी स्वतःच्या मेहनतीनेच शिकला. १७८० च्या दशकात तो लंडनला गेला आणि तिथल्या प्रदर्शनांत त्याची काही चित्रे लागली, पण नाव झाले नाही. अखेर कंपनीची परवानगी काढून तो १५ जुलै १७९१ रोजी मुंबईत उतरला. त्याचे वय तेव्हा चव्वेचाळीस होते आणि हिंदुस्थानातील त्याचे उरलेले आयुष्य पुरते साडेचार वर्षांचेही नव्हते. पेशवाईच्या अखेरच्या पर्वाची दृश्य स्मृती मोठ्या प्रमाणात या अल्प काळाच्या कामावर उभी आहे, म्हणून वेल्सचे चरित्र मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला दुर्लक्षून चालत नाही.

वेल्सला पुण्यास आणणारा माणूस म्हणजे सर चार्ल्स वॉर मॅलेट. कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारात कायम राहणारा वकील, म्हणून मॅलेट १७८६ मध्ये पुण्यास आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा मुक्काम पडला. म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी यांना एकत्र आणणारा १७९० चा तह ही त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी कामगिरी होती आणि तिच्याबद्दल त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. टिपूवरची श्रीरंगपट्टणची मोहीम १७९२ च्या मार्चमध्ये संपली तेव्हा पुणे दरबार आणि इंग्रज यांचे संबंध पूर्वी कधी नव्हते इतके सलोख्याचे होते. वेल्स पुण्यास आला तो नेमका याच वर्षी. चार-पाच वर्षे आधी किंवा नंतर तो आला असता तर पेशव्यांनी त्याच्यासमोर बैठक दिली असती की नाही, याची शंकाच आहे.

बैठक देणे ही गोष्ट त्या काळच्या मराठी सरदाराला नवीन होती. राजेरजवाड्यांच्या तसबिरी काढण्याची रीत दख्खनमध्ये जुनी होती, पण चितारी ती कागदावर, डिंकात कालवलेल्या रंगांनी, बहुधा एकचश्मी पद्धतीने, म्हणजे एकच डोळा दिसेल असा बाजूचा चेहरा घेऊन काढत असे, आणि चेहऱ्यावर सर्वत्र सारखाच उजेड असे. युरोपीय तैलचित्राची प्रक्रिया निराळी होती. चौकटीवर ताणून बसवलेल्या कापडावर आधी अस्तराचा थर देत आणि मग जवसाच्या तेलात घोटलेले रंग चढवत. धाराशिव-लातूरच्या शेतकऱ्याला परिचित असलेल्या या तेलाचा गुण असा की ते सावकाश वाळते, त्यामुळे ओल्या रंगात ओला रंग मिसळून गालाची गोलाई, पापणीखालची सावली आणि मलमलीचा पातळपणा हळूहळू साधता येतो. याचा अर्थ असा की चित्रविषय झालेल्या माणसाला एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात, चित्रकार सांगेल त्या ठिकाणी, पुनःपुन्हा येऊन स्वस्थ बसावे लागे आणि एका परक्या माणसाला आपला चेहरा तासन्‌तास निरखू द्यावा लागे. ज्या दरबारात कोण कुठे बसतो आणि कोण कोणाकडे किती वेळ पाहतो यालाही अर्थ असे, तिथे ही सवलत लहान नव्हती.

वेल्सने १७९२ मध्ये रंगवलेले पेशवे सवाई माधवराव आणि त्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचे मोठे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पुरंदरावर एप्रिल १७७४ मध्ये जन्मलेले आणि जन्मल्यानंतर काही आठवड्यांतच पेशवेपदाची वस्त्रे मिळालेले सवाई माधवराव त्या वेळी अठरा वर्षांचे होते, तर नाना पन्नाशीत होते. चित्रात पेशवे मानाच्या जागी आहेत, अंगावर पांढरी वस्त्रे आणि मोत्यांचे अलंकार आहेत, मागे सेवक उभे आहेत आणि बाजूला नाना बसले आहेत. अधिकाराची सगळी चिन्हे तरुण पेशव्यांकडे आहेत, तरी पाहणाऱ्याची नजर नानांच्या लांबट, कृश, सावध चेहऱ्याकडे वळल्याशिवाय राहत नाही. गादी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, ही पुण्याची त्या वेळची स्थिती बखरकारांनी पानेच्या पाने लिहून सांगितली आहे. वेल्सने ती दोन चेहऱ्यांच्या शेजारात दाखवली. हे त्याने जाणून केले की समोर दिसले ते प्रामाणिकपणे रंगवताना आपोआप झाले, हा प्रश्न गौण आहे, कारण चित्राचा साक्षीपुरावा म्हणून असलेले मोल त्याने कमी होत नाही.

त्याच वर्षी महादजी शिंदेही पुण्यात होते. पानिपतावर जखमी होऊन एका पायाने अधू झालेले, पण उत्तर हिंदुस्थानात बादशाहीची सूत्रे हाती घेतलेले महादजी १७९२ च्या जूनमध्ये पुण्यास आले आणि बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, या पदाची फर्माने व वस्त्रे त्यांनी मोठ्या थाटाच्या दरबारात पेशव्यांना अर्पण केली. महादजी आणि नाना यांची चुरस त्या दिवसांत शिगेला पोहोचली होती. अशा वेळी दोघांचेही चेहरे एकाच चित्रकाराच्या हातून रंगले, ही इतिहासाच्या अभ्यासकाला लाभलेली दुर्मिळ संधी आहे. महादजींचा भरदार बांधा आणि नानांची शिडशिडीत कुडी ही जी जोडी मराठी वाचकाच्या मनात आज ठसली आहे, तिला वेल्सच्या चित्रांचा मोठा आधार आहे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीच्या छावणीत निवर्तले.

वेल्सच्या चित्रविषयांत केवळ सत्ताधारी नव्हते. मॅलेटचा मुनशी नूरुद्दीन हुसेन खान, ज्याने नजीबखान रोहिल्याचा फारसी वृत्तांत लिहिला, आणि मॅलेटच्या घरातील त्याची हिंदुस्थानी सहचारिणी अंबर कौर यांचीही चित्रे त्याने काढली. रेसिडेन्सीच्या कागदपत्रांत अशा स्त्रीचा उल्लेख क्वचितच येतो आणि आला तरी ओझरता येतो. चित्रात मात्र तिला चेहरा आणि नाव दोन्ही मिळाले. मुंबई बेटाची व आसपासच्या प्रदेशाची त्याने १७९१-९२ मध्ये घेतलेली बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली.

या सर्व कामात वेल्स एकटा नव्हता आणि इथे त्याच्याइतकेच महत्त्व गंगाराम चिंतामण तांबट याला दिले पाहिजे. नावावरून दिसते त्याप्रमाणे गंगाराम तांबट समाजातील, तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीतला कारागीर होता. वेल्स हिंदुस्थानात येण्याच्या आधीच मॅलेटने त्याला हाताशी धरले होते आणि पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या शिकारखान्यातील जनावरे तो चितारीत होता. त्याने काढलेला १७९० मधला गेंडा पाहिला तर हा हात कसलेला होता हे कोणीही मान्य करील : कातडीच्या जाड घड्या आणि त्यांवरील खवल्यांसारखे उंचवटे त्याने कागदावर असे उतरवले आहेत की ठोक्याच्या कामात मुरलेल्या माणसाची पोताविषयीची जाण त्यात दिसते. वेल्सच्या सहवासात त्याला यथार्थदर्शन, म्हणजे दूरच्या वस्तू लहान आणि जवळच्या मोठ्या दाखवून कागदावर खोली निर्माण करण्याची युरोपीय रीत, आणखी जवळून पाहता आली. शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने चित्रशाळा निघाली आणि तिच्याशी गंगारामचा संबंध होता, असे मराठी कलेतिहासाचे लेखक सांगत आले आहेत. वेल्सचा दुसरा सहकारी रॉबर्ट मेबन हा स्कॉटिश तरुण होता व त्याने पुढे १७९७ मध्ये कलकत्त्यास रेखाचित्रांचे पुस्तक काढले. गंगारामच्या नावाचे असे पुस्तक निघाले नाही. त्याची चित्रे मॅलेटच्या संग्रहातून आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

वेल्सला व्यक्तिचित्रांइतकीच ओढ लेण्यांची होती. १७९३ मध्ये थॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे मुंबईस आले तेव्हा त्याने त्यांच्याबरोबर घारापुरी, कार्ले आदी लेणी पाहिली. पुढे वेरूळला राहून त्याने कैलासाची व इतर लेण्यांची सविस्तर रेखाटने केली. इथे या कथेचा धाराशिव भागातील ढोकीच्या परिसराशी एक धागा जुळतो. ग्रीक प्रवासवर्णनांत उल्लेखलेले, भडोचच्या बंदराला गाड्या भरभरून कापड पाठवणारे तगर हे नगर कुठे होते, याचा शोध या इंग्रज मंडळींच्या वर्तुळात त्याच सुमारास सुरू झाला होता आणि फ्रान्सिस विल्फर्ड याने ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात ते देवगिरीच्या ठिकाणी ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात तगर म्हणजे ढोकीजवळचे, तेरणेच्या काठचे तेर. हे जे. एफ. फ्लीट याने १९०१ मध्ये दाखवून दिले. भव्य लेण्यांनी दिपलेल्या डोळ्यांना पांढरीच्या टेकाडाखाली दडलेले नगर दिसू नये, हे समजण्यासारखे आहे. परंतु वेल्ससारख्या काटेकोर रेखाटकाची पावले तेराकडे आणि धाराशिवच्या लेण्यांकडे वळली नाहीत, याची हळहळ या भागातील अभ्यासकाला वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच्यासमोर बसलेली माणसे मात्र या मुलखाच्या उंबरठ्यापर्यंत आली. १७९५ च्या आरंभी निजाम अली खान बीदरहून मांजरेच्या काठाने सैन्य घेऊन पश्चिमेकडे सरकला, पुण्याहून सवाई माधवराव स्वतः नानांसह मोहिमेवर निघाले आणि मार्चमध्ये परांड्यापासून फार दूर नसलेल्या खर्डा येथे निजामाचा मोड झाला. मराठी सैन्याचे नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. तहात परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा पट्टा आणि दौलताबादचा किल्ला पेशव्यांना तोडून द्यायचे ठरले व निजामाचा दिवाण ओलीस म्हणून पुण्यास गेला. मराठी दौलतीच्या सर्व सरदारांनी एका निशाणाखाली मिळवलेला हा अखेरचा मोठा विजय होता. तो फार काळ टिकला नाही. पुढे पेशव्यांच्या गादीवरून पुण्यात माजलेल्या यादवीत निजामाने गमावलेले बरेच परत मिळवले आणि ढोकीसह हा सगळा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला.

खर्ड्याच्या विजयानंतर सुमारे आठ महिन्यांत चित्रविषय आणि चित्रकार दोघेही संपले. शनिवारवाड्यातील सज्जावरून खाली पडून सवाई माधवराव २७ ऑक्टोबर १७९५ रोजी वारले. पुढच्याच महिन्यात मुंबईजवळच्या साष्टीतील लेण्यांची रेखाटने करताना वेल्सला ताप आला आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याचे अपुरे राहिलेले काम इतरांनी तडीस नेले. वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये चोवीस दृश्यांचा ग्रंथ सिद्ध केला आणि पुणे दरबारातील १७९० च्या तहाचे जे भव्य चित्र त्याने १८०५ मध्ये रॉयल अकादमीत मांडले, त्यातील चेहरे व दरबाराचा तपशील वेल्सच्या अभ्यासचित्रांवर आधारलेला आहे. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मॅलेटने १७९९ मध्ये वेल्सची थोरली मुलगी सुझाना हिच्याशी विवाह केला, आणि त्यामुळे चित्रकाराचे पुष्कळसे कागद व चित्रे एकाच घराण्यात सांभाळली गेली.

या चित्रांकडे पाहताना दोन टोके टाळली पाहिजेत. ती रेसिडेन्सीच्या आश्रयाने तयार झाली म्हणून केवळ साम्राज्याची हत्यारे ठरत नाहीत, कारण पेशवे, नाना आणि महादजी यांनी स्वतःच्या इच्छेने, आपल्या इतमामात आणि आपल्या वस्त्रालंकारांत बैठक दिली. आणि ती हुबेहूब आहेत म्हणून निर्विकार नोंदही ठरत नाहीत, कारण कोणाला रंगवायचे हे बव्हंशी मॅलेट ठरवीत होता. अहल्याबाई होळकर त्याच काळात महेश्वरी राज्य करीत होत्या, पण पुण्यास न आल्यामुळे त्या वेल्सच्या कुंचल्यासमोर कधीच बसल्या नाहीत. पुण्याचे सावकार, शास्त्री, कुणबी हेही त्याच्या तैलचित्रांत जवळपास नाहीत.

सवाई माधवराव आणि नानांची तसबीर मराठी पुस्तकांत, दिनदर्शिकांत आणि शाळेच्या भिंतींवर असंख्य वेळा छापली गेली, पण ती बहुधा निनावीच छापली जाते. पुढे ती छापणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने तिच्याखाली जेम्स वेल्स हे नाव आणि १७९२ हे वर्ष द्यावे, आणि पर्वतीच्या गेंड्याचे चित्र छापणाऱ्याने गंगाराम तांबटाचे नाव विसरू नये.