माफिया: शेवटच्या तिघांत थाप कशी पचते?

'माफिया' हा पार्टी गेम १९८६ च्या सुमारास मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफ यांनी तयार केला. 'अमंग अस' याच घराण्यातला. रात्री माफिया एकाला गुपचूप मारतात, दिवसा सगळे मिळून मतदानाने संशयिताला बाहेर काढतात.

खरी कसोटी तिघे उरल्यावर लागते: एक माफिया, दोन गावकरी. चुकीचा माणूस बाहेर गेला की डाव माफियाचा. माफियाने एकावर आरोप केला, तर तो उलट माफियाकडेच बोट दाखवणार. म्हणजे निकाल लागतो तिसऱ्याच्या मतावर.

म्हणून मुरलेला माफिया शेवटी आरडाओरडा करत नाही. त्याची थाप आदल्या रात्रीच शिजलेली असते. एकमेकांवर आधीपासून संशय घेणारे दोघे तो मुद्दाम जिवंत ठेवतो आणि त्यांच्यात समेट घडवू शकेल अशाला मारतो. दिवसा मग 'माझं अजून ठरत नाहीये' एवढं म्हटलं तरी पुरतं.

गावकऱ्याने चेहरे वाचत बसण्यापेक्षा जुनी मतं आठवावीत. कोणी कोणाला वाचवलं? आणि सगळ्यांचा लाडका अजून जिवंत कसा? अर्थात, हा प्रश्न येणार हे ओळखून काही माफिया खऱ्या सज्जनालाच मुद्दाम शेवटपर्यंत सोडतात.